आरटीके बेससाठी रिसीव्हरच्या जोडण्या: अँटेनाचे सॉकेट, सिरियल पोर्ट आणि पीपीएस

गच्चीवरचा_बेस (प्रश्न)

नमस्कार. चिपळूणजवळच्या आमच्या महाविद्यालयात स्थापत्य विभागाच्या विद्यार्थ्यांसाठी एक कायमस्वरूपी आरटीके बेस, म्हणजे ठरलेल्या जागी राहून फिरत्या रिसीव्हरला अचूक जागेसाठी दुरुस्तीची माहिती (करेक्शन) पाठवणारे केंद्र, उभारण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रिसीव्हर म्हणून यू-ब्लॉक्सच्या झेडईडी-एफ९पी मॉड्यूलवर आधारलेला एक तयार बोर्ड घेतला आहे. त्यावर अँटेनासाठी एसएमए सॉकेट, संगणकासाठी यूएसबी-सी, यूआर्ट १ व यूआर्ट २ (सिरियल पोर्ट) अशी नावे छापलेल्या पिनांच्या दोन ओळी, पीपीएसची (दर सेकंदाला एक ठोका देणारी) एक पिन आणि त्याखेरीज काही पिना आहेत, ज्यांचा उपयोग मला अजून नीट उमगलेला नाही. अँटेना मोजणीच्या कामासाठी बनवलेला, उपग्रहांच्या एल१ व एल२ या दोन्ही वारंवारिता-पट्ट्यांचा आहे. त्याच्या बुडाशी टीएनसी सॉकेट आहे. माहितीपत्रकात त्याचा गेन (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) ४० डेसिबल, पुरवठा ३.३ ते १८ व्होल्ट आणि विजेचा वापर ४५ मिलिॲम्पिअर असा दिलेला आहे. गच्चीवरच्या खांबापासून खालच्या खोलीपर्यंत केबलचा मार्ग २५ मीटर भरतो.

बोर्डासोबत आलेला छोटा अँटेना खिडकीत ठेवला की रिसीव्हर उत्तम चालतो. मात्र मोठा अँटेना, लांब केबल आणि शेवटी टीएनसीवरून एसएमएवर आणणारी पिगटेल (आखूड जोडतार) अशी साखळी जोडली की एकही उपग्रह दिसत नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये अँटेनाची स्थिती ‘ओपन’ अशी येते. सर्व आटे पूर्ण बसतात, कुठेही काही सैल नाही, त्यामुळे दोष कोठे शोधावा हे कळत नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला एक जुना फील्ड कंट्रोलर आहे, तो बोर्डाच्या यूआर्टला थेट जोडता येईल का? आणि प्रयोगशाळेतील संगणकांचे घड्याळ याच रिसीव्हरच्या पीपीएसवर लावायचे असल्यास यूएसबीची तार पुरेल का? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

लघुलहरी

आपण साखळीची माहिती नेमकी दिली आहे, त्यामुळे शोध सोपा होईल. प्रथम ‘ओपन’ या शब्दाकडे पाहू. मोजणीच्या अँटेनामध्ये एक प्रवर्धक बसवलेला असतो आणि त्याला लागणारी वीज रिसीव्हर त्याच केबलच्या मधल्या तारेतून वर पाठवतो. बोर्डावरील मंडल हा प्रवाह मोजत असते. प्रवाह वाहतच नसेल तर ते ‘ओपन’ कळवते आणि प्रमाणाबाहेर वाहत असेल तर ‘शॉर्ट’ कळवते. याचा अर्थ आपल्या साखळीत मधली तार कोठेतरी तुटलेली आहे, बाहेरचे आटे कितीही घट्ट असोत.

माझा पहिला संशय पिगटेलवर आहे. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन वेगळे कनेक्टर आहेत, पण त्यांचे आटे अगदी सारखे असल्यामुळे ते एकमेकांवर व्यवस्थित फिरतात. साध्या एसएमएमध्ये फिरत्या नटाच्या आत टोकदार पिन असते आणि बोर्डावरच्या सॉकेटमध्ये तिच्यासाठी छिद्र असते. आरपी-एसएमएमध्ये हे उलटे केलेले आहे. वायफाय राउटरच्या अँटेनांवर हा प्रकार सर्रास असतो आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिगटेलींपैकी पुष्कळशा त्या गरजेसाठी बनवलेल्या असतात. तशी पिगटेल आपल्या बोर्डावर बसवली की छिद्रासमोर छिद्र येते, आटे पूर्ण बसतात आणि मधल्या तारेचा स्पर्शच होत नाही. तेव्हा पिगटेल काढून नटाच्या आत डोकावून पाहा. पिन दिसली नाही तर निदान तेथेच झाले.

पिन असेल तर मल्टिमीटर घ्या. बोर्ड चालू ठेवून अँटेनाकडचे टोक सोडवा आणि तेथे मधली पिन व बाहेरचे कवच यांच्यातील व्होल्टेज मोजा. ते ३.३ व्होल्टच्या किंचित खाली यायला हवे. शून्य आले तर मागे मागे येत पिगटेलच्या तोंडाशी आणि शेवटी बोर्डाच्या सॉकेटवर मोजा, म्हणजे तुटलेला टप्पा सापडेल. मोजताना प्रोबचे टोक मधल्या पिनेवरून घसरून कवचाला टेकणार नाही एवढी दक्षता अवश्य घ्यावी.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. एसएमए घट्ट करताना नेहमी फक्त नट फिरवावा, केबल किंवा कनेक्टरचे अंग फिरवू नये. अंग फिरले की मधली पिन समोरच्या छिद्रात घासत फिरते आणि छिद्राच्या पाकळ्या पसरतात. पितळी एसएमएला बोटांनी बसवल्यानंतर ८ मिलिमीटरच्या छोट्या पान्याने हलका दाब पुरतो, तो साधारण अर्ध्या न्यूटन-मीटरच्या आसपास असावा. हा कनेक्टर काही शे वेळा काढ-घाल करण्याइतका टिकाऊ आहे. त्याउलट काही बोर्डांवर असलेला इवलासा यू.एफ.एल. कनेक्टर सुमारे ३० वेळांपुरताच मानला जातो, म्हणून रोज हाताळायच्या ठिकाणी तो ठेवू नये.

तसेच, केबल कोणती वापरली आहे ते कळवा. तिच्या अंगावर क्रमांक छापलेला असतो.

गच्चीवरचा_बेस

आपला संशय खरा ठरला. नटाच्या आत पिन नाही. विक्रेत्याने एसएमए म्हणून दिलेली पिगटेल आरपी-एसएमए निघाली. प्रयोगशाळेत योग्य पिगटेल मिळाली, ती लावल्यावर ‘ओपन’ हा संदेश गेला आणि उपग्रह दिसू लागले. तथापि सिग्नलचे आकडे समाधानकारक नाहीत. छोटा अँटेना गच्चीवर नेऊन त्याच्या स्वतःच्या तारेने जोडला तर डोक्यावरचे उपग्रह ४५ डेसिबल-हर्ट्झच्या पुढे जातात आणि हा मोठा अँटेना त्याच जागी कसाबसा ३५ पर्यंत पोहोचतो. एल२ पट्टीवर तर अनेक उपग्रह मधूनच नाहीसे होतात. केबलवर आरजी-१७४ असे छापलेले आहे.

लघुलहरी

मग उरलेला दोष केबलचा आहे आणि तो एकाच वेळी दोन वाटांनी घडत आहे. दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिली वाट सिग्नलच्या क्षीणतेची. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा तो उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे कमालीचा दुबळा असतो. त्याला अँटेनातील प्रवर्धक सुरुवातीलाच मोठा करतो, आणि संपूर्ण साखळीचा गोंगाट मुख्यतः या पहिल्या टप्प्यावरच ठरतो. म्हणून त्यानंतरच्या केबलमध्ये थोडे गमावले तरी बिघडत नाही. बिघडते ते केबलने प्रवर्धकाची जवळजवळ सारी कमाई खाऊन टाकल्यावर. आपल्या मॉड्यूलला अँटेना व केबल मिळून हातात उरणारा गेन साधारण १७ ते ५० डेसिबलच्या दरम्यान हवा असतो. आरजी-१७४ ही बारीक केबल १५७५ मेगाहर्ट्झला दर मीटरला साधारण एक डेसिबल, किंबहुना किंचित अधिकच, गमावते. २५ मीटरमध्ये २५ ते २७ डेसिबल गेले की ४० पैकी १३ ते १५ उरतात, म्हणजे आपण किमान मर्यादेच्या खाली आहात. आरजी-५८ घेतली तर तोटा १६ डेसिबलच्या घरात येतो आणि २४ उरतात, म्हणजे काम भागते. एलएमआर-४०० घेतली तर तोटा साडेचार डेसिबलच्या आत राहतो. एल२ ची वारंवारिता १२२७.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे कमी असल्याने तिचा केबलमधील तोटाही थोडा कमी असतो. तरीही आपल्याकडे एल२ च आधी कोलमडते आहे, यावरून दुसरी वाट अधिक महत्त्वाची असावी असे मला वाटते.

ती वाट विजेची आहे. आरजी-१७४ ची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि तिचा रोध दर मीटरला सुमारे ०.३ ओहम असतो. २५ मीटरला तो आठ ओहमच्या जवळ जातो. त्यातून ४५ मिलिॲम्पिअर वाहिले की ०.३६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बोर्ड मुळात ३.२ ते ३.३ व्होल्ट देतो, म्हणजे अँटेनापर्यंत २.९ च्या आसपासच पोहोचतात आणि आपला अँटेना तर किमान ३.३ मागतो. अपुऱ्या विजेवर प्रवर्धक बंद पडत नाही, तो अर्धवट चालतो, गेन घसरतो आणि गोंगाट वाढतो. असा दोष ‘ओपन’पेक्षा फसवा आहे, कारण सॉफ्टवेअर अँटेना ठीक असल्याचे सांगत राहते.

म्हणून केबल बदलाच, पण केवळ केबल बदलून थांबू नका. उत्तम केबल टाकली तरी बोर्डाचे ३.२ व्होल्ट हे अँटेनाच्या ३.३ च्या खालीच राहतात. यावर उपाय म्हणजे बायस-टी. रिसीव्हर आणि लांब केबल यांच्या मध्ये ही छोटी पेटी बसते. ती अँटेनाच्या दिशेला बाहेरून दिलेले ५ किंवा १२ व्होल्ट पाठवते, रिसीव्हरच्या दिशेला एकदिश वीज अडवते आणि सिग्नल मात्र येऊ देते. ती बसवल्यावर रिसीव्हरला प्रवाह दिसणार नाही, त्यामुळे ‘ओपन’ हा संदेश पुन्हा येईल. तो या वेळी निरुपद्रवी आहे. बायस-टी उलटी बसवली तर ते १२ व्होल्ट थेट बोर्डाच्या तोंडात जातील, म्हणून पेटीवर कोणते टोक अँटेनाचे आणि कोणते रिसीव्हरचे हे वाचूनच, आणि पहिल्यांदा रिसीव्हरकडचे टोक मोकळे ठेवून तेथे शून्य व्होल्ट येते याची खात्री करूनच जोडावे.

एलएमआर-४०० चा व्यास १० मिलिमीटरहून थोडा अधिक आहे आणि ती ताठ असते. तिचे वजन बोर्डावरच्या नाजूक एसएमएवर कधीही टाकू नये. जाड केबल भिंतीवर पक्क्या केलेल्या एन किंवा टीएनसी कनेक्टरपर्यंत आणावी आणि तेथून पुढे अर्ध्या मीटरची लवचीक पिगटेल घ्यावी. एवढ्या अंतराला बारीक केबल चालते.

साखळी_आणि_रोव्हर

मी मोजणीच्या कामात आहे, म्हणून घराबाहेरच्या बाजूविषयी लिहितो. अँटेनावर टीएनसी असतो तो विचारपूर्वक. बीएनसीचेच अंग, पण खटक्याऐवजी आटे, असा तो कनेक्टर आहे. वाऱ्याने खांब हलत राहिला तरी आट्यांमुळे त्याची पकड सुटत नाही आणि संपर्क टिकून राहतो. अँटेना खांबावर बसतो ते आटे मात्र वेगळे, मोजणीच्या ट्रायपॉडचे नेहमीचे पाच-अष्टमांश इंची, इंचाला अकरा. खांबावर तसा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वेल्ड करून घ्या.

कोकणात जोडणीचा खरा शत्रू पाणी आहे. टीएनसीच्या जोडावर आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, त्यावर स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून दोन थर आणि वरून उन्हाला टिकणारी टेप असे गुंडाळावे. टेप खालून वर गुंडाळत जावी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर येतो आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, त्याच्या तळाशी पाणी गळून पडते. खाऱ्या हवेत एकदा केबलच्या जाळीत ओल शिरली की ती केशाकर्षणाने कित्येक मीटर आत जाते आणि मग ती केबल कापून टाकण्यावाचून मार्ग राहत नाही.

विजेपासून संरक्षणासाठी अरेस्टर घ्याल तेव्हा एकच गोष्ट तपासा: तो एकदिश वीज पुढे जाऊ देणारा, म्हणजे गॅस-ट्यूबचा असावा. मोबाइल मनोऱ्यांवर वापरतात त्यांपैकी पाव-तरंगाच्या स्टबचे अरेस्टर एकदिश विजेसाठी सरळ शॉर्ट असतात. सिग्नलला ते अडवत नाहीत, पण आपल्या अँटेनाची वीज मात्र जमिनीत नेतात. अरेस्टर केबल इमारतीत शिरते त्या जागी बसवून त्याचे अर्थिंग आखूड व जाड तारेने इमारतीच्या अर्थिंगलाच जोडावे.

रेडिओबद्दल आपण विचारलेले नाही, पण बेस म्हटला की रेडिओ येणारच, म्हणून सांगतो. तयार मोजणी-रिसीव्हरांवर पुष्कळदा दोन टीएनसी शेजारीशेजारी असतात, एक उपग्रहांच्या अँटेनासाठी आणि दुसरा यूएचएफ रेडिओच्या अँटेनासाठी. आटे सारखे, आकार सारखा. रेडिओच्या तोंडावर चुकून उपग्रहांचा अँटेना लागला आणि रेडिओने प्रक्षेपण सुरू केले तर अँटेनातील प्रवर्धक तत्क्षणी जळतो. आम्ही रेडिओच्या केबलीला दोन्ही टोकांना लाल टेप लावूनच ठेवतो. आपल्या बोर्डासोबत ९१५ मेगाहर्ट्झचा रेडिओ आला असेल तर तो येथे वापरू नये. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणारी पट्टी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची आहे. योगायोग असा की या छोट्या रेडिओंवर बहुधा आरपी-एसएमएच असतो, म्हणजे आपली ती पिन नसलेली पिगटेल तेथे उपयोगी पडू शकेल.

बॉडरेट

मी सिरियल पोर्ट आणि पीपीएस यांच्यापुरते लिहितो.

फील्ड कंट्रोलर यूआर्टच्या पिनांना थेट जोडू नका. बोर्डावरील यूआर्ट ० ते ३.३ व्होल्टमध्ये बोलतो. नऊ पिनांचा जुना पोर्ट आरएस-२३२ आहे आणि त्याची तार उणे व अधिक ५ ते १५ व्होल्टच्या दरम्यान हलते. निष्क्रिय असतानाही ती उणे बाजूला असते, म्हणजे आपण एकही अक्षर पाठवले नाही तरी मॉड्यूलच्या पिनेवर नको ते व्होल्टेज जाऊन बसते. मध्ये मॅक्स३२३२ ही चिप असलेला छोटा परिवर्तक बसवा. तिचीच जुनी भावंड असलेली मॅक्स२३२ पाच व्होल्टसाठी आहे, ती येथे घेऊ नये. नऊ पिनांच्या पोर्टवर संगणकाच्या बाजूने २ क्रमांक ऐकण्याचा, ३ बोलण्याचा आणि ५ सामायिक जमिनीचा, म्हणजे शून्य व्होल्टच्या ग्राउंडचा. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याला मिळाले पाहिजे, त्यामुळे अक्षरे येत नसतील तर २ आणि ३ ची अदलाबदल करून पाहणे हा पहिला उपाय. काही जुन्या रिसीव्हरांवर याच नऊ पिनांपैकी एखादीवर वीजपुरवठाही दिलेला असतो, म्हणून दुसऱ्या उपकरणाची तार सापडली म्हणून ती येथे लावणे योग्य नाही.

तार जुळल्यानंतरही एक गोष्ट उरते, जी या मॉड्यूलवर नवख्या माणसाला फार छळते. कोणता संदेश बाहेर जावा हे प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्रपणे ठरवावे लागते. यूएसबीवर आरटीसीएम (करेक्शनचे) संदेश चालू केले म्हणून ते यूआर्ट २ वर चालू होत नाहीत. दोन्ही यूआर्ट मुळात ३८४०० बॉडवर (सेकंदाला तितक्या बिटांच्या वेगावर) येतात. माझ्या मते यूएसबी केवळ मांडणी करण्यासाठी आणि पाहण्यासाठी ठेवावा, यूआर्ट १ कायमच्या संगणकाला द्यावा आणि यूआर्ट २ फक्त आरटीसीएमसाठी, म्हणजे रेडिओसाठी राखावा. मांडणी झाली की ती फ्लॅशमध्ये जतन करा, नाही तर वीज जाऊन आली की सर्व पूर्ववत होईल, आणि पावसाळ्यात वीज जाणारच.

वेगाचा हिशेबही एकदा करून ठेवा. जुन्या कंट्रोलरचा पोर्ट बहुधा एनएमईएच्या (रिसीव्हरची माहिती अक्षरांच्या वाक्यांत पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) मूळ ४८०० बॉडवर असेल. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ४८० अक्षरे जातात. एनएमईएचे एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे असते आणि चार उपग्रहप्रणालींच्या यादीची वाक्ये मिळूनच हा कोटा सहज ओलांडतात. मग वाक्ये अर्धवट तुटतात आणि दोष तारेचा वाटतो. कंट्रोलरसाठी जागा व वेळ सांगणारी जीजीए आणि आरएमसी एवढीच वाक्ये ठेवा. तसेच रेडिओकडे जाणारे आरटीसीएम आटोपशीर ठेवायचे असेल तर सविस्तर एमएसएम७ ऐवजी छोटे एमएसएम४ चे संदेश घ्यावेत आणि बेसची जागा सांगणारा १००५ क्रमांकाचा संदेश दर दहा सेकंदांनी पाठवावा.

आपल्याला न उमगलेल्या पिनांपैकी सेफबूट नावाची पिन असेल तर तिला काहीही जोडू नये. चालू होताना ती जमिनीला टेकलेली राहिली तर मॉड्यूल नेहमीच्या कामाला लागतच नाही. डी-सेल ही पिन जमिनीला जोडली की यूआर्ट १ बंद होऊन त्याच्याच पिना एसपीआयच्या (दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या) होतात, म्हणून तीही मोकळी असू द्या. एक्स्टइंट ही बाहेरच्या घटनेची वेळ टिपण्यासाठी असते. ड्रोनच्या कॅमेऱ्याचा शटर उघडल्याची खूण येथेच देतात. बेसला तिचे काम नाही.

पीपीएसबद्दल: यूएसबी पुरणार नाही. फुल-स्पीड यूएसबीवर संगणक दर मिलिसेकंदाच्या चौकटीत उपकरणाची विचारपूस करतो, त्यामुळे सेकंदाची नेमकी कड त्या चौकटीत कोठेही हरवते. पीपीएसची पिन रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट) पिनेला स्वतंत्र तारेने जोडावी. दोन्हीकडे ३.३ व्होल्टच असल्याने मध्ये काही लागत नाही, फक्त जमिनीची तारही सोबत हवी. वेळेची माहिती यूआर्टवरून आणि सेकंदाची कड पीपीएसवरून अशी विभागणी केली की घड्याळ काही मायक्रोसेकंदांच्या आत बसते आणि मग तोच संगणक इतरांना नेटवर्कवरून वेळ वाटू शकतो.

लोखंडी_खांब

वरील सर्व मार्गदर्शन योग्य आहे, परंतु मूळ मांडणीविषयी माझे मत वेगळे आहे. २५ मीटर केबल, बायस-टी, अरेस्टर एवढा पसारा करण्याऐवजी रिसीव्हरच गच्चीवर जलरोधक पेटीत का ठेवू नये? अँटेनाची केबल एक मीटरची होईल आणि खाली इथरनेटची तार येईल. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि वीजही तिच्यातूनच वर नेता येते. मॉड्यूल उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते, त्यामुळे उन्हाची भीती नाही. बेसला इंटरनेटवरून करेक्शन पाठवायची झाली तर संगणकही तेथेच पेटीत बसतो.

लघुलहरी

लोखंडी_खांब यांची सूचना मोकळ्या माळावरच्या बेससाठी मी स्वतःही मान्य करीन. येथे मला ती पटत नाही, आणि त्याचे कारण मॉड्यूल नसून त्याच्याभोवतीचे बाकीचे सामान आहे. मॉड्यूल ८५ अंश सोसते, पण छोटा संगणक, त्याचे मेमरी कार्ड आणि वीजपुरवठा बंद पेटीत मे महिन्यातल्या उन्हात तितके सोसत नाहीत. पावसाळ्यात बंद पेटीत दव साचते, आणि आषाढात गच्चीवर चढून पेटी उघडणे कोणालाही आवडणार नाही. शिवाय विद्यार्थ्यांना पोर्ट हाताळून शिकायचे आहे, त्यासाठी रिसीव्हर टेबलावर असलेलाच बरा. लांब केबलमुळे स्थाननिश्चितीत काही चूक येते अशी शंका असेल तर तीही नको. केबलमधला विलंब साध्या केबलीत मीटरला पाच नॅनोसेकंदांच्या आसपास असतो, पण तो सर्व उपग्रहांना सारखाच लागतो आणि रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत विरून जातो. पीपीएसवर त्याचा १०० ते १२५ नॅनोसेकंदांचा परिणाम होतो, तो मांडणीत भरून वजा करता येतो. संगणकांच्या घड्याळांसाठी तेवढीही गरज नाही.

इंटरनेटविषयी त्यांनी म्हटलेच आहे, तर ‘पोर्ट’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचेही सांगतो. एनट्रिपचा, म्हणजे इंटरनेटवरून करेक्शन पाठवण्याच्या पद्धतीचा, ठरलेला पोर्ट २१०१ आहे. आपला बेस बाहेरच्या कास्टरला (करेक्शन वाटणाऱ्या सर्व्हरला) करेक्शन पाठवणार असेल तर जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे महाविद्यालयाच्या नेटवर्क विभागाकडून फक्त बाहेर जाणारा २१०१ खुला करून घ्यावा. कास्टर आपल्याच संगणकावर ठेवायचा असेल तर बाहेरून आत येण्याची वाट लागेल आणि अनेक इंटरनेट जोडण्यांवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नसल्याने ती वाट मिळेलच असे नाही.

गच्चीवरचा_बेस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एलएमआर-४००, बायस-टी आणि गॅस-ट्यूबचा अरेस्टर मागवत आहे, रिसीव्हर खालीच ठेवतो. एक शेवटची शंका: पुढील वर्षी दुसरा रिसीव्हर त्याच अँटेनावर चालवायचा विचार आहे. टीव्हीच्या डिशसाठी मिळणारा स्प्लिटर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे आपल्या पट्ट्या त्यात बसतात. तो वापरला तर चालेल का?

लघुलहरी

वारंवारितेच्या दृष्टीने बसतात, आणि तो ७५ ओहमचा व आपली साखळी ५० ओहमची हाही मोठा अडथळा नाही, कारण त्या विजोडपणामुळे एका जोडावर ०.१८ डेसिबलच्या आसपासच गमावले जाते. दोन वाटा केल्याचा तीन-साडेतीन डेसिबलचा तोटाही आपल्या नव्या केबलीवर सहज पेलेल. अडचण विजेची आहे. टीव्हीच्या अनेक स्प्लिटरांमध्ये सर्व तोंडांतून एकदिश वीज आरपार जाते, त्यामुळे दोन रिसीव्हरांचे पुरवठे एकमेकांना जोडले जातात. एक ३.३ व्होल्टचा आणि दुसरा ५ व्होल्टचा असेल तर कमी व्होल्टेजच्या रिसीव्हरला इजा होऊ शकते. उपग्रह-स्थाननिश्चितीसाठी बनवलेल्या स्प्लिटरमध्ये एकाच तोंडातून वीज वर जाते, बाकीच्या तोंडांवर ती अडवलेली असते आणि तेथे सुमारे २०० ओहमचा भार लावलेला असतो, जेणेकरून त्या रिसीव्हरने ‘ओपन’ची तक्रार करू नये. आपल्याकडे बायस-टी असणारच आहे, म्हणून स्प्लिटर तिच्या रिसीव्हरकडच्या बाजूला बसवा. तेथे अँटेनाची वीज येतच नाही. मात्र प्रत्येक रिसीव्हरच्या तोंडाशी स्वतंत्र डीसी-ब्लॉक (एकदिश वीज अडवणारा जोड) लावूनच टीव्हीचा स्प्लिटर वापरावा, आणि त्याच्या एफ कनेक्टरवरून एसएमएवर आणणारे अडॅप्टर घेताना नटाच्या आत पिन आहे हे दुकानातच पाहून घ्यावे.